चंदेरी सूटवाल्या शास्त्रज्ञाचं बोअर

रिग परत जाऊ नये म्हणून तिच्या पुढच्या चाकांसमोर बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. सरपंच अण्णा मला बजावून सांगत होते की त्यांच्या गोठ्याच्या अंगणात भोक पाडायचं असेल तर आधी पाणाडी आणा. पाणाडी म्हणजे हातात नारळ धरून जमिनीतलं पाणी सांगणारा माणूस.

मी भूजल खात्यात ज्युनिअर जिऑलॉजिस्ट होतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि आमच्या ऑफिसला धड बोर्डही नव्हता. रिग, म्हणजे बोअर पाडणारी गाडी, जुन्या जिल्ह्याकडून मागून आणलेली. औशाच्या पुढच्या या गावात आधीची दोन बोअर कोरडी गेलेली, त्यामुळं लोकांचा आमच्यावर भरवसा नव्हता. आज बोअर झालं नाही तर रिग दुसऱ्या गावाला जाणार होती आणि हे गाव टँकरच्या भरवशावर राहणार होतं.

तेवढ्यात आमच्या साहेबांची जीप आली. दुष्काळनिधीच्या नाटकासाठी लातुरात आलेल्या एका नटाला चारावाटपासाठी आणलं होतं. उतरलेला पाहुणा बघितला आणि माझ्या हातातली मोजायची टेप गळून पडली.

मी उदगीरचा. आमचं कापडाचं दुकान. शाळेत असताना टूरिंग टॉकीजच्या तंबूत याच माणसाचा सिनेमा मी पुन्हा पुन्हा पाहिला होता. चंदेरी सूट घालून तो दुसऱ्या ग्रहावर जातो, एक डबा खडकावर ठेवतो, डब्यावरचा लाल दिवा लागतो आणि खडकातून पाणी येतं. वडिलांना, म्हणजे अप्पांना, मी गल्ल्यावर बसायला हवा होतो. मी हट्टानं औरंगाबादला जाऊन भूगर्भशास्त्र शिकलो. कारण विचाराल तर तो लाल दिवा.

ओळखणारा मी एकटाच नव्हतो. घागरीवाल्यांतली एक म्हातारी उठली, पाहुण्यांच्या तोंडाजवळ जाऊन निरखून म्हणाली, "हे तर वरल्या गोळ्यावर पाणी काढलेले डाक्टर हाईत."

मग गावच त्यांच्याभोवती गोळा झालं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आपण नट आहोत, तो डबा पत्र्याचा होता, दिवा सेलवर लागायचा. लोकांना वाटलं, मोठी माणसं अशीच बोलतात. सरपंच म्हणाले, "तिकडं काढलाव की सायेब. मग आमच्याच गावात कामून न्हाई?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि आमचं मीटर पाहुण्यांच्या हातात द्यायला सांगितलं. मी म्हणालो, साहेब, हे बरोबर नाही. साहेब म्हणाले, रिग परत न्यायची असेल तर तूच चालवत ने.

मीटर म्हणजे साधी गोष्ट. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या आणि वीज सोडायची. कोरडा घट्ट खडक वीज अडवतो, ओला खडक तिला वाट देतो. काटा किती हलतो त्यावरून अंदाज घ्यायचा. आदल्या दिवशी माझं सगळं गाव मोजून झालं होतं, आणि सगळ्यांत चांगला आकडा त्या अंगणातच आला होता.

पाहुण्यांनी मला विचारलं, "तुमची जागा कोणती?" मी बोटानं दाखवली, कारण सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "तुमचा अभ्यास पक्का असेल तरच मी बोलतो. संवाद सांगा."

मी दोन वाक्यं सांगितली. वर काळा घट्ट दगड आहे, खाली भोकाभोकाचा खडक आहे आणि त्यात पाणी साठतं.

मी खुंट्या ठोकल्या. ते मीटरपुढं गुडघ्यावर बसले. काटा हलला तशी त्यांची मान हलली. पहिलं वाक्य उत्तम गेलं. दुसरं विसरले आणि त्या जागी सिनेमातलं हिंदी वाक्य आलं, की इथल्या हवेत प्राणवायू कमी आहे, कुणीही टोप काढू नये. अण्णांचा हात मुंडाशाकडं गेला होता, तो तिथंच थांबला. बाकीच्यांनी टोप्या खाली ओढल्या. मी जमिनीकडं बघत राहिलो.

अण्णांची देवणी जातीची जनावरं लगेच दुसरीकडं बांधली गेली. बायका उठल्या. रिग सुरू झाली.

जीपमध्ये बसायच्या आधी मी धीर करून त्यांना सांगितलं की तुमच्यामुळं मी जिऑलॉजिस्ट झालो. ते जरा गोंधळले. मग म्हणाले, "अहो, तो सूट दुसऱ्या नटाच्या मापाचा होता. तो आजारी पडला. ज्याला सूट बसेल त्याला काम द्यायचं ठरलं. मी तर विज्ञानात नापास."

म्हणजे माझी नोकरी एका शिंप्यामुळं लागली होती. तरी त्यांनी हातात हात घेतला तेव्हा मला जे व्हायचं ते झालंच. कॉलर ताठ करून मी रिगकडं गेलो.

उन्हं कलताना आधी राखाडी चिखल आला, मग पाणी. फवारा वगैरे नाही, पण हातपंप चालेल एवढं. म्हातारीनं ओंजळ भरून चव घेतली आणि मचूळ असल्याचं जाहीर केलं. तरी पहिली घागर तिनंच भरली.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची माणसं ऑफिसात आली. त्यांच्याही गावात जागेवरून भांडण होतं. त्यांना डॉक्टर हवे होते. साहेबांनी सांगितलं, ते मुंबईला गेले. माणसं आपसात बोलली. मग त्यांच्यातला एक माझ्याकडं बोट करून म्हणाला, "मग त्यांचा हा असिस्टंट तरी द्या."

साहेबांनी मला दिलं. तिथं कुणी वाद घातला नाही, बोअरलाही पाणी लागलं. खात्यात मी पुढं बऱ्यापैकी वर चढलो, पण त्या पट्ट्यात रिटायर होईपर्यंत असिस्टंटच राहिलो. ते खोडून काढायच्या फंदात मी पडलो नाही. डिग्री दाखवून जागा पटवायला अर्धा दिवस जायचा. असिस्टंटचं काम चहा होईस्तोवर व्हायचं.