शिंपीणबाईंचा चेहरा

शिवणकामात शिंपीणबाईंचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. नवरा गेल्यावर त्यांनी सासूच्या सोबतीने दुकान टाकलं. बाई शिवायच्या, सासू काजं-बटणं करायची. जाहिरातीसाठी बाईंनी इंटरनेटवर आपला एक हसरा फोटो टाकला आणि तोच अंगाशी आला. कुणीतरी तो चेहरा उचलून एका घाणेरड्या व्हिडिओतल्या बाईला चिकटवला.

समोरचा चहावाला नजर चुकवायला लागला, गिऱ्हाइकं रोडावली. शेवटी एका जुन्या गिऱ्हाइकाने मान खाली घालून मोबाइल पुढे केला, तेव्हा बाईंच्या पायाखालची वाळू सरकली.

तक्रार केली, तर सरकारी कचेरीत उत्तर मिळालं, "साइट परदेशातली आहे. आमचा हात तिथवर पोचत नाही."

बाईंनी दुकानाचं शटर ओढलं. सासूला कोणत्या तोंडाने सांगायचं, ते त्यांना सुचेना.

हिवाळ्यात सरकारने नवा नियम आणला. तक्रार आली की साइटने असला व्हिडिओ काढून टाकायचा, नाहीतर साइटच बंद. ती बातमी ऐकून सासूच म्हणाली, "चपला घाल. जाऊन येऊ."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला माहीत, मग मला नसेल? तू बोलशील म्हणून थांबले होते."

कचेरीतल्या अधिकारीबाईंनी व्हिडिओ लावला आणि चेहरा दिसताच थांबवला. "एवढं पुरे. पुढचं बघायची मला गरज नाही." मग जरा चाचरत विचारलं, "अंग तुमचं नाही, असं लिहू ना?"

"नाहीच आहे," सासू म्हणाली. "आणि असतं, तरी ते चव्हाट्यावर मांडायचा हक्क कुणाला होता?"

"कुणालाच नाही, आजी. नियमही तेच म्हणतो."

व्हिडिओ साइटवरून हटला. पुढे दुसऱ्या साइटवर उगवला, तेव्हा अधिकारीबाईंचाच फोन आला, "तिथूनही काढून टाकायला लावलाय. तुम्ही शोधत बसू नका, ते आमचं काम." त्या रात्री बाईंना गाढ झोप लागली.

दुकान पुन्हा उघडलं. सगळीच गिऱ्हाइकं परतली नाहीत. आली त्यांत एक वकीलबाई होत्या. माप देता देता नव्या नियमाचा विषय निघाला, तशा त्या म्हणाल्या, "लोकांनी काय बघावं यात सरकारने कशाला नाक खुपसायचं?"

"त्यावर भांडा खुशाल," शिंपीणबाई म्हणाल्या. "उद्या भलतंच काही बंद केलं तर मीही तुमच्या बाजूने भांडेन. पण माझ्या हाकेला कुणीतरी ओ दिली, ते उपकार मी विसरायची नाही. जरा वळा, खांदा मोजायचा राहिलाय."