राष्ट्राध्यक्षांनी माफ केलं, ऑर्लिनाने नाही

रॉयस प्रॅटरला राष्ट्राध्यक्षांनी सोडल्याची बातमी आली तेव्हा ऑर्लिना स्टिडहॅम शाळेच्या स्वयंपाकघरात जेवणातल्या मऊ बिस्किटांचं पीठ मळत होती. तिच्याबरोबर काम करणारी आयडेला हातात फोन धरून आत आली आणि दारातच थांबली.

"रॉयस सुटला गं."

"अडीच वर्षं राहिलीत त्याची अजून."

"प्रेसिडेंटने माफी दिली. सही झाली. संध्याकाळी घरी येतोय म्हणे."

ऑर्लिनाने मळणं थांबवलं नाही. तीनशे मुलं जेवायची होती. त्या दिवशीची बिस्किटं मात्र दाताखाली कडकड वाजली.

या दोघी एकाच दिवशी विधवा झालेल्या. केंटकीच्या डोंगरात, हार्जिस काउंटीत, रॉयस प्रॅटरची कोळशाची खाण होती. कोळसा फोडणाऱ्या यंत्रावर एक डबा बसवलेला असतो. खाणीत पेट घेणारा वायू वाढला की तो डबा यंत्र आपोआप बंद पाडतो. यंत्र बंद पडलं की काम थांबतं, आणि रॉयसला काम थांबलेलं खपत नसे. म्हणून त्या डब्यात एक तार जोडून तो आंधळा करून टाकला होता. वहीत मात्र रोज लिहिलं जाई, डबा उत्तम चालू. मार्चमधल्या एका सकाळी ठिणगी उडाली आणि नऊ माणसं आतच राहिली. त्यात ऑर्लिनाचा क्लॉइड होता, आयडेलाचा नवराही होता.

वॉशिंग्टनच्या सरकारने रॉयसवर खटला भरला, तो वहीत खोटं लिहिल्याचा. रॉयसने कोर्टात शपथेवर सांगितलं की आपल्याला तारेबिरेतलं काही माहीत नव्हतं, सगळं मुकादमाने केलं. मुकादम त्या नऊ जणांतच गेला होता, तो काय बोलणार! तरी पंचांनी रॉयसला दोषी धरलं. तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातले सहा महिने भोगून तो आता घरी येत होता.

त्या संध्याकाळी ऑर्लिना व्हिटेकर मास्तरांकडे गेली. मास्तरांनी चाळीस वर्षं गावच्या शाळेत राज्यघटना शिकवली होती. आता ते ओसरीवर बसून शेंगांचे दोर काढत होते.

"मास्तर, राष्ट्राध्यक्षाला वाटेल त्याला सोडता येतं?"

"जवळजवळ वाटेल त्याला. पूर्वी इंग्लंडच्या राजाकडे हा अधिकार होता, आपल्या लोकांनी तो उचलून राष्ट्राध्यक्षाच्या हातात दिला. कायदे करणाऱ्या काँग्रेसलाही तो अडवता येत नाही."

"म्हणजे संपलं सगळं."

"तू माझ्या तासाला मागच्या बाकावर झोपायचीस," मास्तर म्हणाले. "घटनेतलं वाक्य पुरं वाचलं असतंस तर असं म्हणाली नसतीस. 'अमेरिकेविरुद्धचे गुन्हे' असं लिहिलंय तिथे. केंटकीविरुद्धचे नाही. इथे एकाच जमिनीवर दोन सरकारं नांदतात, दोघांचे कायदे वेगळे आणि तुरुंग वेगळे. वॉशिंग्टनने रॉयसला कशासाठी धरलं होतं?"

"वहीत खोटं लिहिलं म्हणून."

"नऊ माणसं मेली त्याबद्दल त्याला आजवर कोणी विचारलंय? नाही ना? ते विचारायचं केंटकीने. तिथे राष्ट्राध्यक्षाची सही चालत नाही. आणि असल्या गुन्ह्याचा खटला भरायला आपल्या राज्यात मुदतही नाही."

ऑर्लिनाने टोपलीतल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि मास्तरांबरोबर दोर काढू लागली. क्लॉइड गेल्यापासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

पुढे वर्तमानपत्रांनी लिहिलं की या बाईला न्याय हवा होता. तसं काही नव्हतं. तिला रॉयस हवा होता. शाळेत तो तिच्याच वर्गात होता, आणि क्लॉइडला खाणीत नोकरी देताना "तुझ्या माणसाला सांभाळतो" असं तो तिला म्हणाला होता.

काउंटीचा सरकारी वकील लोवेल नेपिअर भला माणूस होता, पण दर सहा वर्षांनी त्याला निवडून यावं लागे. तो म्हणाला, "ताई, कायदा तुमच्या बाजूने आहे. पण तार जोडायला रॉयसनेच सांगितलं, याला पुरावा कुठाय? तो स्वतःच्या तोंडाने तर कबूल करणार नाही."

ती पुन्हा मास्तरांकडे गेली. मास्तर विचार करून म्हणाले, "एका ठिकाणी त्याने कबूल केलं असणार. माफीचा अर्ज करताना गुन्हा पदरात घ्यावा लागतो, नाहीतर सहसा कोणी तिकडे बघतही नाही. पण ते कागद वॉशिंग्टनमध्ये कुलपात असतात."

"त्याच्याकडे नक्कल असेलच की."

"असेल. पण तुला तो ती कशाला दाखवेल?"

ऑर्लिना ओसरीवरून उठली आणि घरी निघाली.

रॉयसला खाण पुन्हा सुरू करायची होती, आणि गावातला एकही माणूस तिथे उतरायला तयार नव्हता. त्याला गावाची मर्जी हवी होती. म्हणून तो दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसू लागला. तिसऱ्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ऑर्लिना सगळ्यांदेखत त्याच्याजवळ गेली आणि तिने हात पुढे केला. रॉयसने तो हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते. ते खरेच भरले असावेत, असं ती पुढेही म्हणायची.

"मनातली अढी काढायचीय रॉयस," ती म्हणाली. "पण एक सांग, तू प्रेसिडेंटला काय लिहिलंस? एवढा मोठा माणूस विरघळला, म्हणजे मनापासूनच लिहिलं असशील."

"देवाशपथ मनापासून लिहिलं, ऑर्लिना."

"मग आम्हालाही ऐकव. आम्ही काय त्याच्याहून परके?"

पुढच्या रविवारी रॉयस निळा कोट घालून व्यासपीठावर उभा राहिला. वकिलाला विचारावंसं त्याला वाटलंच नाही, माफी खिशात असल्यावर कशाला विचारायचं? पाद्री एल्झी ब्रॅशिअर यांनी नेहमीप्रमाणे ध्वनिमुद्रण सुरू केलं. दोनशे माणसांसमोर रॉयसने आपला अर्ज वाचला. "तो डबा बंद करायला मीच सांगितलं. मुकादमाने दोनदा नाही म्हटलं. मी त्याला म्हणालो, तार जोड नाहीतर घरी जा. कोर्टात मी खोटं बोललो."

लोक रडत होते. कोणी "आमेन" म्हणालं. आयडेला तोंडावर रुमाल धरून हुंदके देत होती. ऑर्लिना तिच्या शेजारी ताठ बसली होती, आणि तिला एकच भीती होती की आपल्याला हसू फुटेल.

सोमवारी सकाळी ती लोवेल नेपिअरच्या टेबलासमोर उभी राहिली. "आता त्याच्या तोंडून ऐकलेली दोनशे माणसं आहेत. त्यातली दीडशे मतदार."

जूनमध्ये रॉयसला केंटकीच्या पोलिसांनी धरलं, नऊ माणसांच्या मृत्यूबद्दल. त्याच्या वकिलाने माफीचा कागद कोर्टात उंच धरून दाखवला. न्यायाधीशांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि परत दिला. "कागद अस्सल आहे," ते म्हणाले, "पण हा ज्या घरचा, त्या घरी चालेल." चर्चमध्ये सांगितलेलं गुपित धरावं, असंही वकील म्हणाला. दोनशे लोकांना सांगितलेल्याला गुपित म्हणता येत नाही, हे ठरवायला न्यायाधीशांना फार वेळ लागला नाही. रॉयसला वीस वर्षं झाली.

नेताना तो तिच्यासमोर थांबला. "तू माझा हात धरला होतास, ऑर्लिना."

"धरला होता," ती म्हणाली. "तो क्लॉइडच्या वतीने धरला होता."

याची किंमत तिला द्यावी लागली. पाद्री ब्रॅशिअर दारावर आले ते बसलेही नाहीत. "तुम्ही देवाच्या घरात सापळा लावलात."

"त्याने खाणीत नऊ थडगी केली, तेव्हा तुम्ही त्याच्या घरी जेवायला गेला होतात."

"त्याचा पश्चात्ताप खरा असला तर?"

"असेल. मग तुरुंगात करू दे. तिथे वेळ भरपूर आहे."

त्यानंतर ती त्या चर्चमध्ये गेली नाही. अर्ध्या गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. आयडेला तर शाळेतली नोकरी सोडून लेकीकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मी त्या दिवशी खरंच रडले गं, तुझ्या शेजारी बसून. मला आधी सांगायचं तरी होतंस." एवढी एक गोष्ट ऑर्लिनाला सलत राहिली. बाकी कशाचाच तिला पस्तावा नव्हता.

रॉयसने पुन्हा राष्ट्राध्यक्षांकडे अर्ज केला. आमच्या हातात नाही, असं उत्तर आलं. मग राज्याचे गव्हर्नर राहिले, कारण केंटकीचा गुन्हा माफ करणं त्यांच्या हाती. गव्हर्नर बदलले की ऑर्लिना बसने राजधानीला जाई, नऊ जणांचे फोटो दारात मांडून खुर्ची टाकून बसे आणि कोणीतरी आत बोलावेपर्यंत हलत नसे. एक गव्हर्नर गेले, दुसरे आले, माफी मिळाली नाही.

शिक्षेला चार वर्षं झाल्यावर, कैद्याला मुदतीआधी सोडायचं का ते ठरवणाऱ्या मंडळासमोर रॉयस तुरुंगातून पडद्यावर दिसला. केस गेले होते, नाकात नळी होती. बोलताना त्याला धाप लागत होती. मंडळाच्या बाईंनी ऑर्लिनाला हळूच विचारलं, "आपल्याला काही सांगायचंय?"

"मागच्या वेळी त्याला सोडताना मला कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आज विचारलंत. नाही. सोडू नका."

"ते फार आजारी आहेत."

"मला दिसतंय, बाई. म्हणून तर पुढे बसलेय."

मंडळाने अर्ज फेटाळला. बाहेर आल्यावर तिने रस्त्यापलीकडच्या खानावळीत बीन्स आणि मक्याचा पाव मागवला, वर कच्चा कांदा घेतला आणि ताट पुसून खाल्लं. वाढणारीने विचारलं, आणखी देऊ का. "दे," ती म्हणाली, आणि पुढच्या सुनावणीची तारीख कधी आहे ते पाहायला तिने पिशवीतून कागद काढला.