बिनसोयऱ्याचा मुक्काम

आमच्या लग्नाला अकरा महिने झाले होते आणि आम्ही दोघं एका खोलीत एकटे असे एकदाही झोपलो नव्हतो. लोह्याजवळच्या आमच्या घरात खोल्या दोन, माणसं नऊ. हे लिहावं की नाही, मला कळत नाही. पण ते सांगितलं नाही तर आम्ही पिकअपमध्ये बाज का बसवली, हे कुणाला समजणार नाही.

हे मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला माल वाहतात. गाडीतच संसार थाटून डोंगर हिंडणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर बघितले होते. दिवाळीत मोंढा बंद, माझं कॉलेजही बंद. ह्यांनी मागच्या हौद्यावर ताडपत्री ताणली, आत बाज बसवली. मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. छोटी शेगडी, पाण्याचा कॅन, भाकरी, शेंगदाण्याची चटणी घेतली. चार दिवसांत महाबळेश्वर बघून यायचं ठरलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे रस्ता बघायचं काम माझ्याकडे होतं.

चूक मीच केली. लातूर जवळ आलं तसं मला चैन पडेना. ह्यांच्या आत्या तिथे राहतात. आपल्या माणसाच्या गावावरून दाराला न शिवता पुढे जाणं आमच्याकडे अपमानच. म्हणून मी नुसता फोन केला, "आत्या, आम्ही चाललोय, थांबत नाही."

अर्ध्या तासात गाडी आत्यांच्या दारात होती. त्यांनी पडदा सारून आत बघितलं.

"हे काय गं? गाडीत झोपणार? आमचं घर पडलं व्हय?"

"हौस हाय आत्या," हे म्हणाले.

"हौस म्हणं! ती गादी उचल, आण आत."

गादी आत गेली. मी आत्या आणि त्यांच्या तीन सुनांच्या रांगेत झोपले, हे गच्चीवर पुरुषांत.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेमतेम लातूरशेजारच्या मुरुडपर्यंत पोचलो, कारण आत्यांनी माझ्या मावशीला कळवून ठेवलं होतं. काका चौकात हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"चुकवून जाणार व्हता का न्हाई, खरं सांगा!"

तिथेही तेच. निघताना मावशीने ज्वारीचं अर्धं पोतं आणि दोन भोपळे बाजेवर ठेवले. दोन मुक्काम झाले आणि बाजेवर पहिले आडवे झाले ते भोपळे.

बार्शीला ह्यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली. मग म्हणाले, "अजून कोण हाय वाटंत?"

"कुणी न्हाई. फलटणला एक मैत्रीण आहे, पण..."

"फोन दे इकडं."

माझा फोन त्यांच्या खिशात गेला. चौथ्या दिवशी परत फिरायचंच होतं. मुक्काम उरला होता एकच.

वाईच्या पुढे घाट लागला. गाडी कण्हत वळणं घेत होती. ऊन उतरलं होतं, खाली धरणाचं पाणी चकाकत होतं. आमच्याकडच्या टेकड्यांना मी आजवर डोंगर म्हणत आले, याची मला लाज वाटली. हे बराच वेळ बघत राहिले. "लई जमीन हाय," ते म्हणाले, "पण उभी करून ठेवली. पेरायचं कसं?"

रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी लावून आम्ही बाज रिकामी करत होतो. तेवढ्यात गवताचा भारा घेतलेली एक आजी थांबली.

"कुठलं गं पोरी?"

"नांदेडकडचं."

"एवढ्या लांबनं येऊन रस्त्यावर निजताय व्हय? ते खालचं घर आमचंच. चला, उचला गादी."

हे गादी उचलायला खरंच वाकले. सवयच लागली होती.

मोठ्या माणसाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. "न्हाई आजी," मी कसंबसं म्हणाले, "आम्हाला इथंच झोपायचंय. दोघांनाच." माझे कान तापले.

आजीने पडद्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "मग तसं सांगायचं की! भोपळं तेवढं आत ठेवा, वांदरं येत्यात." आणि हसत उतारावरून खाली गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर हे म्हणाले, "आजीला न्हाई म्हणता येतं, मग आत्याला कामून न्हाई?"

"आत्या आपल्या हायेत."

त्यावर हे इतक्या मोठ्यानं हसले की मी सवयीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवायला गेले. मग आठवलं, पलीकडे कुणीच झोपलेलं नाही. हात तसाच खाली घेतला आणि मीही हसले.