हात वर केला की थांबायचं

"धरलीय मी. तुम्ही घाला सुई, मॅडम!"

वडिलांनी मुलीचे दोन्ही हात एका मुठीत पकडले होते, दुसऱ्या हातानं तिचं कपाळ खुर्चीला दाबलं होतं. आई पाय धरून उभी. मुलगी सहा वर्षांची, नाव आरोही. ती ओरडत नव्हती. दात घट्ट आवळून माझ्याकडं बघत होती. उजवा गाल जबड्यापर्यंत सुजून चकाकत होता.

मी सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.

"का थांबलाव?" वडील म्हणाले. "शेळीला औषध पाजायचं तर आमी असंच धरतोव. एका मिनटाचं काम."

"शेळीला परत दवाखान्यात यायचं नसतं, दादा. हिला यायचंय. आणि सुई तोंडात असताना हिनं झटका दिला तर सुई भलतीकडं घुसेल."

कुटुंब बेंबळी गावचं. खालच्या दाढेत कीड होती. मेडिकलमधून दोनदा गोळ्या आणल्या, सूज उतरली आणि परत आली. गोळीनं सूज दबते, पण दाढेखालचा पू तिथंच राहतो. आता अंगात तापही होता. ही सूज जबड्याखालून गळ्याकडं उतरली तर गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होतो. दाढ त्याच दिवशी काढायला हवी होती. मोठ्या शहरात नेऊन पूर्ण भूल देऊन काढता आली असती. पण वडील आधीच बोलून बसले होते, "आज नाही झालं तर गोळ्या देऊन बघतो अजून." मी शहरात जायला सांगितलं असतं तर ते सरळ घरीच गेले असते, याची मला खात्री होती.

मी आईला बाजूला घेतलं. "काय सांगून आणलंत हिला?"

"फ्रॉक घ्यायला जायचं म्हणलं."

"आणि घरी माझं नाव निघतं का?"

ती खालच्या आवाजात म्हणाली, "जेवत न्हाय म्हणून म्हणायचो आमी… दातवाल्या मॅडम सुई टोचतेल."

म्हणजे मुलीनं मला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखत होती चांगलीच. आणि आज फ्रॉकच्या नावाखाली नेमकं तिथंच आणून बसवलं होतं.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. तेर गावच्या शाळेतून मी सरकारी डेंटल कॉलेजला पोचले, तिथं लहान मुलांच्या दातांचे उपचार शिकवणारे एक सर भेटले हे माझं नशीब. ते म्हणायचे, मुलाला आधी सांगा, मग दाखवा, मग करा. आणि जे सांगाल ते खरं सांगा. परीक्षेत ते लिहून मार्क मिळतात. तापलेल्या बापासमोर ते करणं वेगळं.

मी वडिलांना स्टुलावर बसवलं. "हात फक्त तिच्या पायावर ठेवा. दाबायचं नाही."

"आणि पळाली तर?"

"पळाली तर माझी चूक."

मग आरोहीला म्हणाले, "तुझा डावा हात वर गेला की मी थांबणार. काहीही करत असले तरी."

आरशानं दात बघायला गेले. हात वर. थांबले. हिरडी बधिर करणारी जेल लावायला गेले. हात वर. थांबले.

"खेळ लावलाय हिनं!" वडील उठलेच. "मॅडम, तुमच्यानं होत नसंल तर सांगा."

"बसा, दादा."

जेल लावली. सिरिंज उचलली, तिला दिसेल अशी. सुई ओठाजवळ आली आणि हात पुन्हा वर. मला वाटलं, मुलगी आज ऐकणार नाही, हे लोक उठून जातील, आणि पुढच्या वेळी सूज गळ्यात असेल. तरी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

ती पहिल्यांदा बोलली. "थांबताव खरंच."

"व्हय. पण दाढ आजच काढायचीय. थांबत थांबत काढू, पण काढू."

"लई दुखंल का?"

आई घाईनं म्हणाली, "न्हाय गं, कायच…" मी तिच्याकडं बघितलं. ती थांबली. तिनं मुलीच्या केसांवर हात ठेवला. "दुखंल बाळा. मुंगी चावल्यावाणी. मी इथंच हाय."

आरोहीनं आईकडं बराच वेळ बघितलं. मग तोंड उघडलं.

सुई गेली तेव्हा ती मोठ्यानं रडली. अंग मात्र हललं नाही. औषध भिनू दिलं, दाढ हलवली, ती निघाली तसा पू बाहेर आला, खोलीभर वास पसरला. वडिलांनी तोंड फिरवलं. पायावरचा हात मात्र तिथंच होता.

"रडली की शेवटी," ते नंतर म्हणाले.

"रडू दे ना. रडणारं मूल मला चालतं. झटका देणारं चालत नाही."

दोन दिवसांनी सूज उतरली, ताप गेला. तपासायला आले तेव्हा वडील लाडानं म्हणाले, "काय दुखलंबिखलं न्हाय आमच्या वाघिणीला!"

"दुखलं होतं," आरोही म्हणाली.

तेव्हापासून लहान मुलाची वेळ घ्यायला फोन आला की मी आधी विचारते, "मुलाला काय सांगून आणताय?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "फिरायला जायचं म्हणून." मग मी सकाळची पहिली वेळ देते आणि त्यांच्यानंतर बराच वेळ कुणाला बोलावत नाही, म्हणजे हात कितीही वेळा वर गेला तरी थांबता येतं.