काचेच्या गोळ्यातला तपकिरी वायू

मला बघायला आलेला मुलगा बडोद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होता आणि येताना कोटाच्या खिशात काचेचा एक बंद गोळा घेऊन आला होता. स्वातंत्र्याच्या आधीची, खानदेशातल्या आमच्या ब्राह्मणपुरी गावातली गोष्ट.

चहा झाल्यावर काकांनी विचारलं, “तुम्ही शिकता तरी काय?”

त्याने गोळा काढला. आत फिकट तपकिरी वायू होता. गरम पाण्यात धरल्यावर तो गडद झाला, बाहेर निवू दिल्यावर पुन्हा फिकट.

“हाई भूत शे!” आत्या ओरडली.

“भूत नाही, आत्याबाई. यात दोन वायू आहेत. बिनरंगी कण फुटून दोन तपकिरी होतात, आणि दोन तपकिरी जुळून पुन्हा एक बिनरंगी. जितके फुटतात तितकेच जुळतात. तपकिरी वायूच्या दाबाचा वर्ग करा, बिनरंगीच्या दाबाने भागा. तापमान तेच ठेवलं, तर उत्तर कायम तेच. तो समतोल स्थिरांक.”

वडिलांनी मान डोलावली. काही कळलं नाही की ते अशीच डोलवायचे.

मी दाराआड उभी होते. राहवलं नाही. “आणि गोळा लहान केला तर?”

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. तो मात्र उठून दाराकडेच वळला. “दाटी झाली की जुळणारे वाढतील. पण उत्तर तेच राहील!”

आमचं हे बोलणं मोडायला काकांनी गोळा सांडशीत धरून उकळत्या पाण्यात बुडवला, वर काढला आणि त्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं. तो “नको, तडकेल!” म्हणेपर्यंत काच फुटली होती.

“श्वास घेऊ नका, बाहेर पळा!”

सगळे अंगणात धावलो. आत्या तेवढी भूत उतरवायला आतच बसली होती. तो नाकाला रुमाल लावून परत गेला आणि कपाशीच्या गाठोड्यासारखी तिला उचलून घेऊन आला. डोळ्यांतून पाणी गाळत आम्ही दोघं पहिल्यांदा समोरासमोर उभे राहिलो.

“प्रश्न उत्तम होता,” तो खोकत म्हणाला.

वडील नकार द्यायच्या बेतात होते. तेवढ्यात आत्याने पदर सावरला. “माले उचलीसन बाहेर लई उना. हाऊच जवाई!”

लग्न झालं. पुढे कितीतरी दिवस गावातले लोक वडिलांना विचारत, “जावई गारुडी आहे म्हणे?”

“नाही हो, बीएस्सी आहे,” वडील सांगत. ते ऐकून लोक आणखीच घाबरत.