वैजयंतीनं लावलेलं गाणं

वैजयंती कारखानीस नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात कानांच्या तपासण्या करायची. मुलं शिकायला लांब गेली, नवरा सतीश भूलतज्ज्ञ, तो कायम ऑन-कॉल. घर खायला उठलं तशी ती शहराबाहेरच्या एका क्लबात लाइन डान्स, म्हणजे अमेरिकन कंट्री गाण्यांवर रांगेत करायचा नाच, शिकायला जाऊ लागली. पन्नाशीतल्या बायकोला काऊबॉय बुटांत पाहून सतीश पोट धरून हसला होता. तिनं ते बूट झिजवले, नवे घेतले, आणि पुढे नवशिक्यांना तीच शिकवू लागली.

क्लबचा चेअरमन केन. "ये, डक," असं त्या भागातल्या लाडानं म्हणत पहिल्या दिवशी त्यानंच तिला रांगेत उभं केलं होतं. सतीशची बायपास झाली तेव्हा त्यानं आपल्या गाडीतून तिची ने-आण केली होती. हॉलमध्ये स्टेजमागे एक झेंडा होता. लाल कापड, निळी फुली, तीत चांदण्या. भिंतीवरच्या हॅटांसारखीच ती एक सजावट, असं वैजयंती समजून चालली होती.

त्या वसंतात अमेरिकेतल्या एका बड्या कृष्णवर्णीय पॉपस्टारचा कंट्री गाण्यांचा अल्बम आला. हॉस्पिटलातली तिची मैत्रीण युनिस, जमैकन आईबापांची, जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "आमचे डॅडी चर्चहून आले की कंट्रीच लावायचे. लोकांना वाटतं, हे गोऱ्यांचं. अगं, त्यात वाजतो तो बँजो आला कुठून? आफ्रिकेतून धरून नेलेल्यांनी भोपळ्याला तारा लावून केला तो."

"मग चल की शनिवारी," वैजयंती म्हणाली. "त्या नव्या अल्बममधल्याच एका गाण्यावर नाच बसवते."

शनिवारी गाणं लागलं. पुढच्या रांगा मजेत नाचल्या. मागचे मात्र एकेक करत खुर्च्यांवर जाऊन बसले. गाणं संपल्यावर टाळी वाजली नाही. युनिस झेंड्याकडे बघत होती.

"हा कुणाचा, माहितेय तुला?"

"सजावट आहे गं."

"अमेरिकेत आम्हाला गुलामच ठेवायचं म्हणून जे लढले, त्यांचा."

 इतकी वर्षं वैजयंती त्याच्याखाली नाचत होती.

पुढच्या शनिवारी तसलाच दुसरा झेंडा दारावर लागला होता. केननं तिला बाजूला घेतलं. "ते गाणं नको. लोक म्हणतात, आपलं म्युझिक आपल्यापाशीच राहू दे."

"आपलं म्हणजे कुणाचं, केन?"



युनिस परत आली नाही. वैजयंती जात राहिली, पण तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. कुणी वाईट बोललं नाही. कुणी बोललंच नाही.

मग ऑगस्ट उजाडला. देशात बाहेरून आलेल्यांविरुद्ध गावोगाव दंगली पेटल्या. हॉस्पिटलातून घरी जाताना एकटं जाऊ नका, असे निरोप आले. सतीश म्हणाला, "या शनिवारी राहू दे."

"अहो, केनच्या हॉलमध्ये मला कोण काय करणार?"

ती पोचली तर केन दारातच उभा. आतून मोठमोठ्यानं हसणं ऐकू येत होतं. तिनं केनला हाक मारली आणि ते थांबलं.

"घरी जा, डक," तो हळूच म्हणाला. "आज नवीन माणसं आलीयत. प्यायलेली. मी त्यांना आवरू शकणार नाही."

त्यानं धमकावलं असतं तर ती भांडली असती. पण तो तिला गाडीपर्यंत सोडायला पुढे झाला. वैजयंती गाडीत बसली. 

त्यानंतर तिथं ती गेली नाही. युनिसनं आपल्या चर्चचा हॉल मिळवून दिला आणि शरदात दोघींनी नवा क्लास काढला. जुन्यातले थोडे आले, चर्चमधल्या बायका आल्या. पहिल्याच महिन्यात तीन पुरुष दारात येऊन उभे राहिले. हाताची घडी घालून एक अख्खं गाणं त्यांनी बघितलं. मोबाइलवर सगळ्यांचे चेहरे टिपले आणि निघून गेले. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. पुढे काही कळलं नाही. केनचाही फोन आला नाही.

क्लास चालू आहे. दार आतून लावून घेतात, आणि दर वेळी कुणीतरी एक जण न नाचता खिडकीपाशी उभं राहून रस्त्याकडे बघतं. या शनिवारी सतीशची पाळी आहे.