चार ओळींची म्हातारी

“मास्तर, पहिल्या पानाला चार लाइना कमी पडून राह्यल्या,” आमचे कंपोझिटर हबीबभाई म्हणाले.

“लेड टाका,” मी मान वर न करता म्हणालो. लेड म्हणजे शिशाची पातळ पट्टी. दोन ओळींच्या मध्ये सारली की मजकूर ऐसपैस बसतो आणि उरलेली जागा भरून निघते.

“लेड सगळ्या टेंडर नोटिशीत गेल्या.”

“मग एखादं फूल टाका.”

“फूल चार नंबर पानावर श्रद्धांजलीला लावलं. आपल्या प्रेसमध्ये दुसरं फूल हाय का?”

नव्हतं. जालन्याच्या मस्तगडातल्या त्या प्रेसमध्ये फुलाचा ठसा एकच होता आणि तो लग्नाला, निवडणुकीला, निधनाला सारखाच चालायचा. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आमचं साप्ताहिक चार पानांचं. मी त्याचा उपसंपादक, प्रूफरीडर आणि, मालकांचा नाइलाज म्हणून, कादंबरीकार. त्याआधी काही वर्षं शाळेत शिकवत होतो, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे.

दर आठवड्याला माझ्या कादंबरीचं एक प्रकरण यायचं. लागोपाठ दोन आठवडे मी ते उशिरा दिलं. दोन्ही वेळा आष्टीचा गठ्ठा संध्याकाळच्या एसटीला चुकला. आष्टीला आमचा एजंट अंबादास टेलर. शिळे अंक त्यानं जसेच्या तसे परत पाठवले. मग मालक-संपादक रंगनाथरावांनी मला समोर बसवलं.

“मास्तर, या खेपेला गाडी चुकली की कादंबरी बंद. बिलकुल बंद. मंग तुम्ही टेंडर नोटिशीची प्रुफं तपासा अन् मी सुखानं झोपतो.”

मी पळू नये म्हणून त्यांनी बंदोबस्तही केला. कागदाच्या एका बाजूला पहिलं आणि चौथं पान छापतात, दुसऱ्या बाजूला दुसरं आणि तिसरं. कादंबरी पहिल्या पानावर सुरू व्हायची आणि तिसऱ्यावर संपायची. रंगनाथरावांनी ठरवलं की प्रकरणाचा पहिला अर्धा भाग सकाळीच छापून टाकायचा. उरलेला अर्धा मी दुपारपर्यंत द्यायचा. म्हणजे मागे जाऊन काही खोडायची सोयच नाही.

उशीर का व्हायचा, ते आज सांगायला हरकत नाही. कादंबरीचा मी पक्का आराखडा केला होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे थोरला भाऊ केशव लाल पेन्सिलीनं, धाकटा नारायण निळ्या. कोण कधी भांडणार, कोण कुठे जाणार, सगळं ठरलेलं. त्यामुळे लिहायला बसलो की जेवून उठल्यावर पुन्हा ताटावर बसवल्यासारखं वाटायचं. एकेक वाक्य ढकलावं लागायचं.

या प्रकरणात केशव नारायणला मारून घराबाहेर काढणार होता. नारायण औरंगाबादच्या गिरणीत जाणार होता. ‘पुढील अंकी भाऊ भावावर हात उचलतो’ असं आम्ही जाहीरही करून बसलो होतो. त्या एका ओळीवर अंबादासनं जादा अंक मागवले होते.

“मास्तर, चार लाइना,” हबीबभाईंनी पुन्हा आठवण करून दिली. त्यांच्या हातात स्टिक होती. अक्षरांचे खिळे जुळवायची लोखंडी पट्टी. “तोंडीच सांगा. मी जुळवतो.”

मी उभ्या उभ्या सांगितलं, “तेवढ्यात दार लोटून एक म्हातारी आत आली. डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी होती. ती कोणाशी काही बोलली नाही. पाटी उतरवून ती दोघा भावांच्या मधोमध बसली.”

बराबर चार ओळी झाल्या. हबीबभाईंनी चौकट आवळली, पान मशीनवर चढलं आणि मी चहा प्यायलो. पुढच्या अर्ध्या भागात तिला एका वाक्यात बाहेर घालवू, असा माझा विचार होता.

रंगनाथराव पहिला ओला कागद घेऊन आले.

“ही म्हातारी कोन?”

“कळेल पुढे.”

“वाचकाला पुढं कळंल. मला आता सांगा.”

“मालक, मलाही अजून कळलेलं नाही.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मशीनकडे निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी लिहायला बसलो. ‘म्हातारी उठून निघून गेली.’ खोडलं. मग आली कशाला? ‘ती बांगड्या विकणारी होती.’ खोडलं. बांगड्या विकणारी बाई दोन भांडणाऱ्या गड्यांच्या मध्ये कशाला बसेल? शेवटी आराखड्याप्रमाणे केशवचा हात उचलायला गेलो, तर मध्ये ही बसलेली. म्हातारीच्या डोक्यावरून भावाला मारायचं कसं? पलीकडे मशीन धडधडत होतं आणि दर ठोक्याला एक नवी म्हातारी छापून बाहेर पडत होती.

दुपार कलली. रंगनाथराव दोनदा येऊन माझा कोरा कागद बघून गेले. तिसऱ्यांदा स्टूल ओढून समोरच बसले.

“काय करून राह्यले, मास्तर?”

“विचार.”

“तो घरी करून यायचा असतो.”

आता काही सुचेना म्हणून मी केशवलाच विचारायला लावलं, “पाटीत काय आणलं?” खरं तर ते मलाच जाणून घ्यायचं होतं. आणि पेन न थांबता म्हातारीचं उत्तर कागदावर आलं, “भाकरी. किती दिस झाले, तुमच्या चुलीचा धूर दिसला न्हाई.”

मी थांबलो. ते वाक्य पुन्हा वाचलं. दोघांच्या बायका भांडणाला कंटाळून माहेरी गेल्या होत्या, हे मीच दोन प्रकरणांआधी लिहिलं होतं. मग घरात स्वयंपाक कोण करत होतं? माझ्या लाल-निळ्या आराखड्यात कोणी एकदाही जेवलं नव्हतं.

मग म्हातारी बोलायची थांबेना. “आधी जेवा. मंग काय मारामारी करायची ती करा. उपाशी माणसानं मारलेलं लागत बी न्हाई.”

मी मोठ्यानं हसलो. रंगनाथराव स्टुलावरून उठले.

“मास्तर, गाडी चुकायची वेळ झाली अन् तुम्ही हसून राह्यले?”

“मालक, ती काय म्हणते बघा.”

“कोन?”

“म्हातारी.”

त्यांनी हबीबभाईंकडे बघितलं. हबीबभाई शांतपणे म्हणाले, “कागद आला की मी जुळवतो. बाकी मला काही विचारू नका.”

त्यानंतर मला लिहावं लागलं नाही, फक्त ऐकून उतरवावं लागलं. म्हातारी बांधापलीकडची शेजारीण निघाली. या भावांच्या बापानं बांधाच्या वादावरून तिच्याशी बोलणं टाकलं होतं. हे मलाही ती सांगू लागली तेव्हाच कळलं. एकेक कागद हबीबभाई हातातून ओढून नेत होते आणि पुढच्या कागदावर काय होणार याची मला वाचकाइतकीच घाई झाली होती. इतकी वर्षं लिहिलं, पण असं सुख तोवर भेटलं नव्हतं. शेवटी केशव नारायणकडे न बघता ठेचा त्याच्या बाजूला सरकवतो. तिथे प्रकरण संपलं.

रंगनाथरावांनी प्रूफ वाचलं. “मारामारी कुठंय?”

“झाली नाही.”

“होणार म्हणून आपण छापलं व्हतं.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

“अंबादासला काय सांगू?”

मी घड्याळाकडे बोट दाखवलं. दुसरं प्रकरण लिहायला वेळच नव्हता, एवढ्यावरच माझी कादंबरी टिकून होती. ते चरफडत म्हणाले, “छापा.”

गठ्ठा सायकलला बांधून मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी गेटातून वळत होती. धावत जाऊन कंडक्टरच्या हातात गठ्ठा दिला. त्यानं आधी गठ्ठा बघितला, मग स्वतःचे हात. “मास्तर, शाई तर वाळू द्यायची,” म्हणाला.

गाडी सापडली, पण मला झोप लागेना. गाडी चुकल्यावर बंद होणारी कादंबरी मारामारी चुकल्यावर चालू राहील, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात अंबादास स्वतः जालन्याला आला. मी प्रुफात डोकं घातलं.

“लोकं लई चिडले,” तो म्हणाला. “मारामारी पाह्यजे व्हती.”

रंगनाथराव माझ्याकडे बघत होते. “मंग?”

“मंग काय, माझ्या दुकानातच भांडणं लागली. एक म्हणे, ही आमच्या गल्लीतली म्हातारी. दुसरा म्हणे, न्हाई, माझी मावशी. मापं घेऊ देईनात.” त्यानं आवाज खाली आणला. “पुढल्या खेपेला ती येणार का, तेवढं सांगा. येणार असंल तर गठ्ठा मोठा पाठवा.”

रंगनाथरावांनी विचारलं, “मास्तर, येणार का?”

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.

ती आली, आणि कादंबरी संपेपर्यंत गेली नाही. नारायण औरंगाबादला गेलाच नाही. ती गिरणी बघायला मी मुद्दाम स्वतःच्या पैशानं जाऊन आल्तो. त्या फुकट गेलेल्या खर्चाचा विषय आमच्या घरी अजूनही निघतो, विशेषतः पाहुण्यांसमोर.

आराखडा मी आजही करतो. फक्त त्यात चार ओळी मोकळ्या ठेवतो. अडचण एवढीच आहे की नेमक्या कुठल्या चार, ते आधी कळत नाही.